मसाल्याची वाडी घरचीच, मग झांझिबारला कशाला?

प्रश्न: आमची गुहागरजवळ सुपारीची वाडी आहे. पोफळींवर मिरीचे वेल चढवलेत, मधे जायफळं आहेत, दापोलीच्या विद्यापीठातून आणलेली दालचिनीही आता चांगली वर आली आहे. भाचा नोकरीनिमित्त दार-ए-सलामला असतो. येत्या डिसेंबरात आम्ही नवरा-बायको त्याच्याकडे जाणार आहोत. तो म्हणतो, "मामा, झांझिबारची स्पाइस टूर केल्याशिवाय परत जायचं नाही." डॉलर मोजून मिरीचा वेल बघायला जायचं, हे काही माझ्या पचनी पडत नाही. तिथल्या मसाल्यात एवढं काय आहे? आणि त्या बेटावरच्या जुन्या शहराचे, स्टोन टाउनचे, फोटो त्याने पाठवले. त्यातली दारं आणि गॅलऱ्या थेट आपल्या मुंबईच्या मांडवी-भुलेश्वरातल्या वाटतात. हा काय प्रकार आहे?
(एक वाचक, गुहागर)

उत्तर: मिरीचा वेल बघायला जाणार असाल तर खरंच जाऊ नका. तुमचीच मिरी सरस निघायची. झांझिबार शहराच्या उत्तरेला आणि पूर्वेला किझिम्बानी, किडिची, डोले अशी गावं आहेत, शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आतबाहेर. तिथल्या वाड्यांत हा फेरफटका होतो. त्यात दाखवलेलं निम्म्याहून अधिक तुमच्या परसात आहे: मिरी, हळद, आलं, गवती चहा, जायफळ, फणस, नीरफणस, मेंदी, शेंदरी. मिरी वेलीला लागते आणि हळद जमिनीखाली असते हे ज्यांना ठाऊक नसतं, अशा थंड देशांतल्या पाहुण्यांसाठी हा खेळ बसवलेला आहे. वाटाड्या पान चुरगळतो, तुमच्या नाकाशी धरतो आणि म्हणतो, ओळखा. वहिनी पहिल्या पाच मिनिटांत सगळी उत्तरं देऊन मोकळ्या होतील आणि त्या बिचाऱ्याची पंचाईत होईल.

सोबत एखादा पोरगा नारळाच्या झावळीची टोपी, टाय, अंगठी विणत चालत असतो. शेवटी हे सगळं तुमच्या अंगावर चढतं आणि तुम्ही आपोआप पाकिटात हात घालता. दुसरा गाणं म्हणत माडावर चढतो. मग फळांच्या फोडी येतात, चहा येतो, आणि लहान लहान पुड्यांचं दुकान लागतं. यात फसवणूक काही नाही. ज्या गावांना पर्यटकांच्या पैशातला फारच थोडा वाटा मिळतो, त्यांनी शोधून काढलेला हा जोडधंदा आहे. तुम्हाला त्यात नवं काही दिसायचं नाही, एवढंच.

नाही म्हणायला दोन गोष्टी थांबून बघा. पहिली म्हणजे दालचिनीचं मूळ. वाटाडे ते थोडं उकरून खरवडतात, आणि त्याला दालचिनीचा नाही तर चक्क कापराचा वास येतो. झाड तुमच्या वाडीत असूनही हे तुम्ही कधी करून पाहिलं नसेल. घरच्या झाडाचं मूळ कोण कशाला उकरतो? दुसरी व्हॅनिला. हे मूळचं मेक्सिकोकडचं ऑर्किड. हिंदी महासागरातल्या बेटांवर ते परागीभवन करणाऱ्या कीटकांशिवाय आलं, म्हणून त्याला शेंगच धरेना. 1841 मध्ये रेयुनियन बेटावरच्या एदमों आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडी आणि अंगठा वापरून फुलाचं परागीभवन हाताने करायची रीत शोधली. आजही जगभरच्या मळ्यांत एकेक फूल असंच हाताने जुळवलं जातं.

पण जायचं ते लवंगेसाठी. कोकणात लवंगेची झाडं हौशीने लावलेली कुठे कुठे दिसतात. आपल्या देशातली लवंग मुख्यतः कन्याकुमारीच्या डोंगरांत, निलगिरीत आणि केरळात होते, आणि तिने भागत नाही म्हणून आपण बाहेरून मागवतो. झांझिबारची लवंग गोड्या मसाल्यात घालणाऱ्या आणि विड्याला टोचणाऱ्या घरांतल्या बहुतेकांनी लवंगेचं झाड पाहिलेलं नसतं.

झाड उंच, बाराही महिने हिरवंगार, चमकदार पानांचं. फांदीच्या टोकाला कळ्यांचे घोस येतात. लवंग म्हणजे न उमललेली कळी. कळ्या आधी हिरव्या असतात, मग देठाकडून गुलाबी व्हायला लागतात, आणि त्याच दिवसांत खुडाव्या लागतात. फूल उमललं की लवंग गेली. एकाच झाडावरचे घोस एका वेळी तयार होत नाहीत, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा वर चढतो. लाकूड ठिसूळ असल्याने हंगामात पडून हातपाय मोडणं नेहमीचंच. खाली आलेले घोस घरी नेऊन बायकामुलं कळ्या देठापासून सुट्या करतात आणि चटयांवर चार-पाच दिवस वाळवतात. ओल्या मालाचं वजन वाळल्यावर साधारण तिसऱ्या हिश्शावर येतं. सोललेले देठ फेकत नाहीत, त्यांचं तेल काढतात.

आज घरी एवढं करा: डब्यातली एक लवंग वाटीभर कोमट पाण्यात तासभर भिजत घाला. आधी नुसती टाकून बघा. चांगल्या तेलाची लवंग बुडते किंवा पाण्यात उभी राहते, तेल काढून घेतलेली आडवी तरंगते. भिजल्यावर डोक्यावरचं गोल बोंड नखाने अलगद उचला. ते बोंड म्हणजे एकावर एक मिटलेल्या चार पाकळ्या, आणि आत दाटीवाटीने गुंडाळलेले पुंकेसर सापडतील. वाण्याकडे लवंग घेताना "फूल असलेली द्या" असं आपण म्हणतो, ते हेच.

आता खरी मेख सांगतो. तुमचा भाचा ज्या बेटावर नेणार ते उंगुजा, झांझिबारचं मुख्य बेट. तिथे लवंगेचे मोठे मळे आता फारसे उरलेले नाहीत. 1872 च्या एप्रिलमध्ये आलेल्या चक्रीवादळाने उंगुजावरची बहुतेक लवंग भुईसपाट केली. उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेलं पेंबा बेट त्यातून वाचलं, आणि तेव्हापासून झांझिबारची लवंग म्हणजे प्रामुख्याने पेंबाची लवंग. हंगामात पेंबाच्या रस्त्याकडेला चटयाच चटया पसरलेल्या असतात. पर्यटक मात्र तिकडे क्वचितच वळतात. स्टोन टाउनजवळच्या वाडीत तुम्हाला लवंगेची चार झाडं दाखवतील, तीही बाकीच्या पंधरा झाडांच्या रांगेत. ती बघा, आणि वाटाड्याला विचारा की ही वाडी आधी कोणाची होती.

कारण लवंगही इथली नव्हे. ती इंडोनेशियाच्या मोलुक्का बेटांवरची. डच कंपनीने तिची मक्तेदारी राखण्यासाठी इतर बेटांवरची झाडं तोडून टाकायलाही मागेपुढे पाहिलं नाही. 1770 च्या सुमारास पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याच्या खटपटीने रोपं मॉरिशसला पळवून आणली गेली, तिथून ती रेयुनियनला गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झांझिबारला पोचली. झांझिबार तेव्हा ओमानच्या सुलतानाच्या ताब्यात होतं. सुलतान सय्यद सईद यांनी या पिकातला पैसा ओळखला आणि 1840 पर्यंत आपलं बस्तानच मस्कतहून इथे हलवलं. एका माडामागे लवंगेची तीन झाडं लावलीच पाहिजेत, नाहीतर जमीन जप्त, असा त्यांचा हुकूम असल्याचं सांगितलं जातं. थोड्याच वर्षांत बेट लवंगेने भरलं. पीक इतकं आलं की भाव गडगडला, तरी लागवड थांबली नाही.

मळ्यात राबणारी माणसं आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून धरून आणलेली गुलाम होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मसाल्याच्या फेरफटक्यात ते सहसा कोणी सांगत नाही. लवंग थोड्या दिवसांत, असंख्य हातांनी खुडावी लागते. मजुरी न देता मिळणाऱ्या हातांवर हे पीक उभं राहिलं. झांझिबार हा पूर्व आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराचा सर्वांत मोठा अड्डा होता, आणि इथे आणलेल्या माणसांपैकी कित्येक पुढे पाठवली न जाता याच मळ्यांत राहिली.

म्हणून मला विचाराल तर वाडी आणि जुनं शहर एकाच दिवशी बघा: सकाळी वाडी, दुपारनंतर शहर. अर्धा तास मोटारीत बसलं की लवंगेच्या पैशाचं काय झालं ते समोर येतं.

स्टोन टाउनची घरं प्रवाळाच्या दगडाची. आपल्याकडे जांभा तसा तिथे हा दगड, किनाऱ्याजवळच्या जमिनीतून काढलेला, हलका आणि सच्छिद्र. चुन्यात बसवून वर चुन्याचाच गिलावा. छताला खारफुटीच्या लाकडाचे वासे. हे वासे जेमतेम तीन मीटर लांबीचे मिळतात, म्हणून जुन्या घरातली खोली कितीही श्रीमंताची असली तरी अरुंदच. श्रीमंती लांबीत आणि उंचीत. दमट हवेत हा दगड पाणी ओढतो आणि चुना ते बाहेर सोडतो. अलीकडे डागडुजी करताना सिमेंट फासलं की ओल आत अडकते आणि भिंत आतून पोखरते. 2000 मध्ये शहर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तरी गळती काही थांबली नाही. समुद्रासमोरचा सर्वांत देखणा वाडा, 1883 चा 'हाउस ऑफ वंडर्स', त्याचा मोठा भाग 2020 च्या नाताळच्या दिवशी कोसळला.

घराबाहेर भिंतीलगत दगडी ओटा असतो, त्याला तिथे बराझा म्हणतात. सकाळी त्यावर गप्पा, दुपारी भाजी निवडणं, संध्याकाळी कॉफी, आणि पाऊस पडून गल्लीत पाणी साचलं की तोच पदपथ. गुहागरच्या माणसाला पडवीतला ओटा नवा नाही. तिथे बसायला कोणी "या" म्हटलं तर अवश्य बसा.

आता तुमचा मांडवी-भुलेश्वराचा संशय. तो बरोबर आहे. शहरात दारांचे मोटामोटी दोन प्रकार दिसतील. चौकटीचा माथा सपाट, त्यावर कुराणातली वाक्यं, बाजूंनी साखळी, मासा, खजूर, कमळ कोरलेलं असेल तर ते अरबी वळणाचं. माथा कमानीचा, फळ्या छोट्या छोट्या चौकोनांत घडवलेल्या आणि त्यावर पितळी खिळे असतील तर ते भारतीय वळणाचं. वाटाडे हमखास सांगतात की हे खिळे हत्तींनी दार फोडू नये म्हणून. झांझिबारला रानहत्ती नाहीत. गुजरातेतून आलेल्या सुतारांबरोबर आणि घरधन्यांबरोबर ही पद्धत आली, आणि पुढे ती नुसती ऐट म्हणून राहिली. बऱ्याच दारांचा सागही आपल्याकडूनच गेलेला.

ही माणसं डिसेंबर ते मार्चच्या ईशान्य वाऱ्यावर गलबतांतून जायची आणि नैऋत्येचा वारा सुटला की परत यायची. कोकणच्या माणसाला हे गणित वेगळं सांगायला नको. कच्छचे भाटिये, खोजे, बोहरी, मेमण, पारशी, आणि गोव्याचे ख्रिस्ती. झांझिबार बंदराच्या जकातीचा मक्ता वर्षानुवर्षं कच्छच्या जयराम शिवजी या भाटिया पेढीकडे होता. बंदरावर उभी असलेली, लाकडी कोरीव सज्जांची जी इमारत भाच्याने फोटोत पाठवली असेल ती थारिया टोपण या कच्छी खोजा शेठने बांधायला घेतलेला दवाखाना. लवंगेचा आणि हस्तिदंताचा मोठा माल मुंबईला यायचा. व्यवहारात भारतीय रुपया चालायचा. 1908 मध्ये झांझिबारने स्वतःचा रुपया काढला, तो 1930 च्या दशकापर्यंत टिकला.

मुंबईशी नातं एवढ्यावर संपत नाही. सुलतान बरघश यांनी तरुणपणी भावाविरुद्ध बंड केलं, तेव्हा इंग्रजांनी त्यांना पकडून 1859 मध्ये मुंबईला पाठवलं. दोनेक वर्षं ते तिथे राहिले. 1870 मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी शहरात नळाचं पाणी आणलं, रुंद व्हरांड्यांचे वाडे बांधले. वर ज्याचा उल्लेख केला तो 'हाउस ऑफ वंडर्स' त्यांचाच. मुंबईत पाहिलेलं शहर त्यांच्या डोक्यात बसलं होतं, हे अनेक अभ्यासकांचं मत मला पटतं. आणि त्यांच्याकडून गुलामांचा बाजार बंद करवून घ्यायला 1873 मध्ये लंडनहून जे गृहस्थ आले, ते सर बार्टल फ्रेअर, म्हणजे मुंबईच्या कोटाच्या भिंती ज्यांच्या कारकिर्दीत पाडल्या गेल्या तेच गव्हर्नर. बरघश यांनी फ्रेअरना नकार दिला. काही महिन्यांनी आरमाराने बंदर अडवण्याची धमकी आली, तेव्हा सही केली. बाजाराच्या जागेवर इंग्रजांनी चर्च बांधलं. चाबकाचे फटके मारायचा खांब जिथे होता, तिथेच वेदी आहे. बाहेर खड्ड्यात साखळदंड घातलेले पाच दगडी पुतळे आहेत, क्लारा सोर्नास या स्वीडिश शिल्पकर्तीने केलेले. शेजारच्या इमारतीखालच्या ठेंगण्या खोल्या 'गुलामांच्या कोठड्या' म्हणून दाखवतात. ती इमारत बाजार बंद झाल्यानंतरची असल्याने इतिहासकार त्याबद्दल साशंक आहेत. पुतळे मात्र चुकवू नका.

"आपली माणसं" म्हणून छाती फुगवावी असं सगळंच नाही, हेही सांगायला हवं. भारतीय शेठ अरब मळेवाल्यांना कर्ज देत, आणि त्या पैशावर गुलाम विकत घेतले जात. काही भारतीयांकडेही गुलाम होते. 1860 च्या सुमारास इंग्रज कॉन्सल रिग्बी यांनी, हे ब्रिटिश प्रजाजन आहेत या कायद्याच्या बोटाने, हजारोंना मोकळं केलं. पुढे मळे कर्जात बुडाले आणि गहाणखतं भारतीयांच्या पेटीत साठत गेली. 1934 मध्ये तिथल्या सरकारने जमिनी सावकारांकडे जाऊ नयेत म्हणून कायदे केले, आणि लवंगेच्या व्यापाराची सूत्रं एका संघाच्या हाती जाऊ लागली. 1937 च्या कायद्याने ती पकड पक्की झाली. व्यापारी भडकले, काँग्रेसने पाठीशी उभं राहून भारतात झांझिबारी लवंगेवर बहिष्कार पुकारला. मुंबईच्या बाजाराने माल नाकारल्यावर झांझिबारला नाक मुठीत धरून 1938 मध्ये तडजोड करावी लागली. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात या लवंग-बहिष्काराला दोन ओळीही मिळत नाहीत. मला स्वतःला व्यापाऱ्यांची बाजू पूर्ण पटत नाही. मक्तेदारीला त्यांचा विरोध रास्त होता, पण कर्जात पिचलेल्या बागायतदाराचं काय, हा प्रश्न मुंबईत कोणी फारसा विचारला नाही.

हिशेब चुकता झाला तो वेगळ्याच पद्धतीने. 12 जानेवारी 1964 ला, स्वातंत्र्य मिळून जेमतेम महिना झाला होता तोच, क्रांती झाली. सुलतान पळाला, हजारो माणसं मारली गेली, त्यात मुख्यतः अरब आणि काही भारतीयही. एप्रिलमध्ये झांझिबार टांगानिकाशी जोडलं गेलं आणि टांझानिया झाला. मळे सरकारने घेतले आणि तीन-तीन एकरांचे तुकडे करून शेतकऱ्यांना वाटले. आज तुम्ही जिथे फिराल त्या वाड्यांपैकी पुष्कळशा याच वाटपातल्या. शहरातली सोडून गेलेली घरंही वाटली गेली. शेठच्या एका वाड्यात दहा बिऱ्हाडं आली, डागडुजीला पैसा नाही, आणि छपरं गळू लागली.

लवंगेची खरेदी सरकारी महामंडळाकडे गेली. भाव वरून ठरू लागला. शेजारच्या केनियात जास्त मिळतो म्हणून पेंबाहून रात्री होडीने लवंग पळवली जाई, आणि पकडलं तर शिक्षा जबर. त्यात मोठं गिऱ्हाईकही हातचं गेलं. इंडोनेशियात लवंग घातलेल्या सिगारेटी प्रचंड खपतात. त्यासाठी मूळची लवंग ज्यांची, तेच लोक झांझिबारची लवंग विकत घेत होते. 1980 च्या दशकात त्यांनी स्वतःची लागवड वाढवली आणि ही खरेदी आटली. त्याच सुमारास झांझिबारने पर्यटनाचा रस्ता धरला. थोडक्यात, लवंग विकून भागेना म्हणून लवंग दाखवायला सुरुवात झाली.

तुमच्या प्रवासापुरतं: दार-ए-सलामहून बोटीने सुमारे दोन तास. देश एकच असला तरी झांझिबारच्या धक्क्यावर पासपोर्ट तपासतात, तो जवळ ठेवा. परदेशी पाहुण्यांना ऑक्टोबर 2024 पासून झांझिबारचा प्रवासी विमा घ्यावा लागतो, त्याचे 44 डॉलर. पिवळ्या तापाच्या लसीचा नियम निघण्याआधी तपासा, जाताना आणि भारतात परत येतानाचाही. बेट जवळजवळ संपूर्ण मुसलमानी आहे. शहरात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत एवढं सांभाळलं की पुरतं. वाटाडा घेताना आधीच सांगा: आम्ही मसाले पिकवतो, तेव्हा ओळखायचा खेळ नको, शेतीचं बोलू या. चांगला वाटाडा खूश होतो, आणि मग मातीचं, रोगाचं, भावाचं बोलणं निघतं. मसाला वाडीतल्या पुडीत न घेता दराजनीच्या बाजारात सुटा घ्या. रात्री फोरोधानी बागेत गाड्यांवर उरोजो मिळेल: कैरीच्या आंबटपणाचं पिवळं पातळ सार, त्यात भजी, बटाटा, चटणी, वर कुरकुरीत काहीतरी. पहिल्या घोटाला तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडून गेलं असणार. बरोबरच म्हणाल.

प्रश्न: क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला, असं ऐकलं. तो झांझिबारचा होता ना? मग पाचगणीला कसा?
(एक विद्यार्थी, वाई)

उत्तर: झांझिबारचाच. फारुख बलसारा, जन्म 5 सप्टेंबर 1946. घर पारशी, मूळ गुजरातेतलं, वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत. पूर्व आफ्रिकेतली भारतीय घरं मुलांना शिक्षणासाठी इकडच्या निवासी शाळांत पाठवत. त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये घातलं. तिथेच पियानो शिकला, तिथेच मित्र त्याला फ्रेडी म्हणू लागले, तिथेच पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला. शिकून तो परत गेला आणि 1964 च्या क्रांतीत घरदार सोडून कुटुंब इंग्लंडला निघून गेलं. स्टोन टाउनमध्ये 2019 पासून त्याच्या नावाचं छोटं संग्रहालय आहे. आता उलटी वाहतूकही सुरू झाली आहे: आयआयटी मद्रासने 2023 मध्ये झांझिबारला शाखा काढली.

प्रश्न: झांझिबारने अर्ध्या-पाऊण तासाचं युद्ध केलं, हे खरं की गप्प?
(एक वाचक, नगर)

उत्तर: खरं. 27 ऑगस्ट 1896. सुलतान वारला, इंग्रजांना नको असलेल्या चुलतभावाने राजवाडा ताब्यात घेतला. सकाळी नऊला मुदत संपली, युद्धनौकांनी तोफा डागल्या. साधारण 38 ते 45 मिनिटं, घड्याळ कोणाचं धरता त्यावर. वाड्यात पाचशेच्या आसपास माणसं मेली वा जखमी झाली. इंग्रजांचा एक खलाशी जखमी. युद्ध म्हणायचं की आणखी काही, ते तुम्ही ठरवा.

प्रश्न: माझे पणजोबा फोंड्याचे. ते झांझिबारच्या सुलतानाच्या बँडमध्ये होते अशी घरात आख्यायिका आहे. गोव्याचा माणूस तिथल्या दरबारात वाजवायला कसा जाईल?
(एक वाचिका, मडगाव)

उत्तर: अगदी सहज जाईल. बरघश यांच्या काळापासून सुलतानाचा बँड गोवेकर वादकांचाच होता. तो राजवाड्यासमोर वाजवायचा, आणि त्या काळातल्या प्रवाशांनी त्याच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. पाश्चात्त्य वाद्यं वाजवणारी, कागद बघून वाजवणारी माणसं हिंदी महासागराच्या काठावर इतर फारशी कुठे मिळत नव्हती. गोवेकर तिथे शिंपी होते, आचारी होते, कचेऱ्यांत कारकून होते. गोम्स नावाच्या गोवेकर घराण्याचा फोटो स्टुडिओ तर इतका चालला की जुन्या झांझिबारची कितीतरी छायाचित्रं आज त्यांच्यामुळेच आहेत. दोन मनोऱ्यांचं सेंट जोसेफ चर्च फ्रेंच मिशनऱ्यांनी 1890 च्या दशकात बांधलं. तिथे येणारे भाविक पुष्कळसे गोव्याचेच. 1964 नंतर त्यांतले बहुतेक इंग्लंड, कॅनडा किंवा परत गोव्याला गेले.

कागद शोधायचे असतील तर झांझिबारच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला लिहा, शहराच्या किलिमानी भागात आहे. सुलतानांच्या काळातली दप्तरं तिथे जपलेली आहेत. पण आधी घरातले जुने फोटो उलटून पाठीमागचा शिक्का बघा. झांझिबारच्या स्टुडिओचा शिक्का निघाला तर साल ठरवायला मोठी मदत होईल. पणजोबा कोणतं वाद्य वाजवायचे ते तुम्ही लिहिलं नाहीत. ते माहीत असेल तर कळवा.